रोहिड्याच्या सालीमागे

मांडवगड मी पाहिला नाही, हे आधीच सांगून टाकतो. धारेपर्यंत जाऊन मांडवगड न पाहता परत येणारा माणूस पुण्यात चेष्टेचा विषय होतो, आणि गेला महिनाभर मी तो झालो आहे. पण मी गेलो होतो ते एका झाडाची साल ओळखायला. ती मला ओळखता आली का, हे वाचकांनी शेवटी आपापले ठरवावे. माझे काही ठरलेले नाही.

माझी थोरली बहीण अक्का धारेस दिली आहे. तिचे यजमान दिनकरराव दरबारच्या वसुली खात्यात आहेत. पावसाळ्यानंतर अक्काला हिवताप जडला, तो जाता जाईना, आणि पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढली. तिथल्या आबाशास्त्री नावाच्या वैद्यांनी तिला रोहिड्याच्या सालीचा काढा सुरू केला आणि तिला चांगला उतार पडला. जुनी साल संपल्यावर नवी आली, आणि अक्का पुन्हा अंथरुणाला खिळली. मी पुण्यात शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून दिनकररावांनी मला बोलावून घेतले. साल तीच आहे की दुसरी, एवढे मी पाहावे, असे त्यांचे म्हणणे. काम सोपे वाटले. रजा काढली आणि निघालो.

धार

महू स्टेशनावर उतरून टांगा केला. फाल्गुन लागला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या फुलांची शेते पसरली होती. मला आधी ते कसले पीक ते कळेना. टांगेवाल्याने हसून सांगितले, "अफीम है, भिया." आमच्याकडे खसखस अनारशाला लागेल तेवढीच पाहिलेली. इथे तिचे समुद्र होते, आणि बायका वाकून बोंडांना चिरा देत होत्या. रात्री जेवणात त्याच झाडाच्या कोवळ्या पाल्याची भाजी होती. मी ती भीत भीतच खाल्ली आणि झोप लागली ती अफूची की प्रवासाची, या विचारात झोपलो.

धार तळ्यांचे गाव आहे. दिनकररावांचे घर एका तळ्याच्या काठाला. तिथली मराठी ऐकून मला मौज वाटली. अक्का चुलीपाशी बसली की अगदी आमच्या आजीसारखे जुने शब्द बोले, आणि दारात भाजीवाली आली की अर्ध्या वाक्यात माळवी बोलू लागे. तिला स्वतःला त्याचा पत्ताही नसे.

पण ती चुलीपाशी बसली ती एकदाच, मी आलो म्हणून. एरवी ती पडूनच होती. चेहरा पिवळा, पाय सुजलेले, आणि डाव्या कुशीवर हात ठेवला तर आत फळी असावी तसे लागे. नव्या काढ्याने तोंडाला कोरड पडते, जीभ लाकडासारखी होते, पोटात कळा येतात आणि अन्न नको वाटते, असे ती म्हणाली. मी पुण्याहून क्विनीन नेले होते. तिने ते पूर्वी सोडून दिले होते, कारण कानात घणघण होई. माझ्या आग्रहाखातर ती पुन्हा घेऊ लागली. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण पुढे याच गोष्टीने माझा गोंधळ वाढवला.

जुन्या सालीचे थोडे तुकडे अक्काच्या मसाल्याच्या डब्यात निघाले. मी कामाला लागलो.

आपले वैद्य ज्याला कषाय म्हणजे तुरट रस म्हणतात, त्याच्या मुळाशी असलेल्या द्रव्याला इंग्रजी ग्रंथांत टॅनिन म्हणतात. हिरड्यात ते आहे, बाभळीच्या सालीत आहे, काथात आहे. चामडे त्यानेच कमावतात, आणि हिरडा तोंडात धरला की जीभ आवळते तीही त्यानेच. असल्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचे हिरवे मीठ, टाकला की शाई होते. मी दोन्ही साली वेगवेगळ्या उकळल्या, दोन वाट्यांत गाळल्या आणि हिराकस टाकला. नवी साल पाहता पाहता शाईसारखी काळी झाली. जुनी काळवंडली खरी, पण मळकट, हिरवट अशी, आणि तीही सावकाश.

म्हणजे साली निराळ्या होत्या, निदान त्यांतला तुरटपणा सारखा नव्हता. मला वाटले, झाले काम. वाट्या झाकून घेतल्या आणि दिनकररावांबरोबर आबाशास्त्र्यांकडे गेलो.

आबाशास्त्री साठीच्या पुढचे, काटक, ताठ बसणारे गृहस्थ. त्यांनी वाट्यांकडे नुसते पाहिले. नव्या सालीचा तुकडा हाती घेऊन त्यांनी तो मोडला आणि आतला तांबडा रंग मला दाखवला.

"वडिलांनी मला रानात नेऊन हेच झाड दाखवलं," ते म्हणाले. "माझ्या हातानं साल काढवली. आता पुण्याची वाटी मला सांगणार, की झाड निराळं?"

मी विचारले की मग जुनी साल कुठली. ती वडिलांच्या वेळची, असे ते म्हणाले. वडील गेल्यावर घरातल्या औषधांची वाटणी झाली, तेव्हा त्या सालीचे एक पोते निघाले होते. अर्धे त्यांच्या वाट्याला आले. ते त्यांनी इतकी वर्षे जपून वापरले आणि अक्काच्या दुखण्यात ते संपले. मग त्यांनी रानातून ताजी साल आणवली. झाड तेच. वडिलांनी दाखवलेलेच.

"आणि उरलेलं अर्धं पोतं?" मी विचारले.

आबाशास्त्री सालीचे तुकडे आवरू लागले. परत येताना दिनकररावांनी मला उरलेली हकिगत सांगितली. ते अर्धे पोते धाकट्या भावाकडे, बापूशास्त्र्यांकडे गेले होते. ते देवासला असतात. एका बड्या घरी दोघे भाऊ एकाच रोग्याला पाहायला गेले असता रोहिडा कोणता यावर त्यांचे चारचौघांत भांडण झाले. लोक हसले, आणि वडिलांच्या नावालाही बोलले. तेव्हापासून दोघांचे बोलणे बंद आहे.

दुसऱ्या दिवशी मी देवासला निघालो, तेव्हा आबाशास्त्री टांग्यापाशी आले. भावाचे नाव त्यांनी घेतले नाही. देवासला हवा बाधते म्हणतात, तिथल्या लोकांची प्रकृती कशी असते ते पाहून या, एवढेच म्हणाले.

देवास

देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी देवास वसले आहे. टेकडी लांबून दिसते, त्यामुळे गाव सापडायला अडचण नाही. गावात शिरल्यावर मात्र माणूस सापडत नाही. तिथे एका गावात दोन संस्थाने आहेत, एक थोरली पाती आणि एक धाकटी पाती. मी आपल्याकडच्या पेठांसारखे काही असेल असे समजत होतो. पण इथे रस्त्याच्या एका बाजूला एक राज्य आणि पलीकडे दुसरे.

"कणी पाती में जाणो है, भिया?" टांगेवाल्याने विचारले. "बड़ी के छोटी?"

मला माहीत नव्हते. त्याने अंदाजाने थोरल्या पातीत नेले. तिथे एका पानवाल्याने वैद्यबुवा पलीकडे आहेत असे सांगितले. पलीकडे गेलो, तर एक बाई म्हणाल्या की ते तर अलीकडेच राहतात. मी परत आलो. पानवाला मला पाहून हसला आणि पुन्हा पलीकडे बोट दाखवू लागला. माझे डोके फिरायची वेळ आली तेव्हा उलगडा झाला. बापूशास्त्री राहतात एका राज्यात आणि त्यांचे औषधालय आहे दुसऱ्यात. सकाळी ते रस्ता ओलांडून परराज्यात जातात आणि दुपारी जेवायला स्वराज्यात परततात. दोघेही मला खरेच सांगत होते.

बापूशास्त्री दिसायला भावाच्या अगदी उलट. गोल, हसरे, बोलके. मी पुण्याचा म्हटल्यावर त्यांनी हात धरून मला जेवायलाच बसवले. बाफले, म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे, तुपात बुडवून पानात येत होते आणि मला नको म्हणायला सवड मिळत नव्हती. धारेहून आलो म्हटल्यावर मात्र त्यांनी आग्रह थांबवला. मग हात धुताना, माझ्याकडे न पाहता, त्यांनी विचारले, "धारेस थंडी फार होती का यंदा? म्हाताऱ्या माणसांना सोसवली का?"

सोसवली, असे मी सांगितले.

आबाशास्त्र्यांची नवी साल मी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी एक कपचा दाढेखाली धरला आणि लगेच थुंकला.

"हा रोहण," ते म्हणाले. "रानातला. ताप उतरवील, जुलाब थांबवील. पाणथरीला रोहिडा हवा, आणि रोहिडा मारवाडचा. वाळवंटातलं झाड ते. नावात एका अक्षराचा फरक, म्हणून दादा फसला."

वडिलांचे उरलेले पोते त्यांनी केव्हाच वापरून संपवले होते. माझा चेहरा पाहून ते म्हणाले की निराश होऊ नका. वडिलांनी मारवाडातून रोहिड्याचे बी आणून हाटपिपल्याला एका ओळखीच्या शेतात लावले होते. लहानपणी वडिलांनी त्यांना तिथे नेऊन ते झाड दाखवले होते आणि हाच रोहिडा, असे सांगितले होते. झाड अजून उभे आहे. आपण उद्याच जाऊ.

रात्री मला काहीच उमजेना. एका बापाने एका मुलाला एक झाड दाखवले आणि दुसऱ्याला दुसरे. दोघेही खोटे बोलणाऱ्यांतले दिसत नव्हते.

हाटपिपल्या

हाटपिपल्याला नृसिंहाचे देऊळ आहे. तिथली पाषाणाची मूर्ती भाद्रपदात नदीत सोडतात आणि ती पाण्यावर तरते, असे पुजाऱ्याने सांगितले. एरवी मी वाद घातला असता. पण त्या दिवशी कशावर विश्वास ठेवावा आणि कशावर नाही, हेच मला कळत नव्हते, म्हणून प्रसाद घेऊन निमूटपणे बाहेर पडलो.

शेत गावाबाहेर होते. काळी, भेगाळलेली जमीन, गहू पिवळा पडत आलेला, आणि बांधावर ते झाड. वाकडे खोड, झुकलेल्या फांद्या, आणि त्यांवर केशरी-पिवळ्या फुलांचे झुबके. आमच्याकडे फाल्गुनात पळस पेटतो, तसे ते उन्हात पेटले होते. मी पळस समजलो. बापूशास्त्र्यांनी फूल तोडून माझ्या हातावर ठेवले. ते घंटेसारखे होते. पळस नव्हे.

शेताच्या मालकीणबाई म्हाताऱ्या होत्या. त्यांनी आम्हाला खाटेवर बसवून गूळ आणि पाणी दिले. वैद्यबुवांच्या वडिलांना त्यांनी चांगले पाहिले होते. जुन्या गोष्टी निघाल्या. बा साहेब, म्हणजे ते वडील, दर वर्षी गाडी घेऊन येत, बाई सांगू लागल्या. गाडीत एक पोते अर्धे भरलेले असे.

"कशानं भरलेलं?" बापूशास्त्र्यांनी विचारले.

तांबड्या सालीने, असे बाई म्हणाल्या. ती धारेकडच्या रानातली, असे ते सांगत. मग ते या झाडाखाली बसून याची साल काढून वाळवीत, उरलेले पोते हिने भरीत, दोन्ही हातांनी कालवीत आणि तोंड शिवून घेऊन जात. बाईंना यात काही नवल वाटत नव्हते. मीठ-मसाला मिसळावा तशी त्यांची सांगण्याची तऱ्हा होती.

बापूशास्त्री झाडाकडे पाहत राहिले. हसरा माणूस एकदम पोक्त दिसू लागला.

"मला ते पोतं त्यांनी उघडून दाखवलं नाही कधी," ते म्हणाले. "वाटणीत आलं तोवर सगळी साल जुनी होऊन सारखीच दिसत होती."

मी तिथेच, बाईंच्या चुलीवर, ताजी साल उकळून हिराकस टाकला. पाणी जेमतेम काळवंडले. म्हणजे रोहण शाईसारखा काळा, हा रोहिडा फिका, आणि वडिलांची जुनी साल मधली. बाईंचे म्हणणे जुळत होते. मला फार आनंद झाला. तो अर्धा तासही टिकला नाही.

परतताना बापूशास्त्री स्वतःच शंका काढू लागले. मारवाडात हे झाड पाण्यावाचून, वाळूत, उन्हात जगते, म्हणून त्याच्या सालीत गुण साठतो. या काळ्या, सुखवस्तू जमिनीत त्याने दुष्काळ पाहिलाच नाही, मग त्याची साल कडू कशाने व्हावी? कदाचित वडिलांना तो कमजोर वाटला म्हणून त्यांनी रोहण मिसळला असेल. किंवा रोहण फार तुरट, पोट आवळणारा, म्हणून त्यात रोहिडा घालून तो मऊ केला असेल. किंवा साल पुरत नव्हती म्हणून भर घातली असेल. मी विचारले की यांपैकी कोणते? ते म्हणाले, तुमचे शास्त्र काय म्हणते? माझे शास्त्र दोन वाट्यांपुढे गेलेले नव्हते.

देवासला त्यांनी सालीचे गाठोडे बांधून दिले. धारेस या, असे मी म्हटले. औषधालय सोडून येता येत नाही, असे सांगून ते रस्ता ओलांडून दुसऱ्या राज्यात गेले.

वाटेत एका जकात नाक्यावर माझे गाठोडे उघडले गेले. नाकेदाराला वाटले की चामडे कमावायची साल आहे आणि मी चोरून नेतो आहे. पुणेरी पगडीतला मी आणि कातड्याचा धंदा, हे त्याला कसे जुळले ते तोच जाणे. औषध आहे म्हणालो, तर म्हणाला, खाऊन दाखव. मी चघळली. त्यालाही शंका, म्हणून त्याने चघळली. थोडा वेळ आम्ही दोघे समोरासमोर तोंडे वाकडी करून उभे होतो. मग त्याने हाताने जायला सांगितले.

पुन्हा धार

आबाशास्त्र्यांना मी घडले ते सगळे सांगितले. शेतमालकीणबाईंचे शब्द सांगताना माझा आवाज आपोआप खाली आला. ते ऐकत होते आणि गाठोड्यातली साल बोटांनी चाळवीत होते.

"म्हणजे वडील मला अर्धंच शिकवून गेले," ते म्हणाले.

मी म्हणालो, धाकट्यांनाही अर्धेच. याने त्यांचे समाधान झाले की दुःख वाढले, मला कळले नाही. ते उठून आत गेले. संध्याकाळी स्वतः अक्काकडे आले. दोन्ही साली त्यांनी बरोबर आणल्या होत्या. किती रोहण आणि किती रोहिडा, हे कुणालाच माहीत नव्हते. त्यांनी निम्मी-निम्मी घातली, कमी पाण्यात उकळली, आणि पहिला घोट आपण घेतला. मग अक्काला दिला.

"तीच का ही चव?" त्यांनी विचारले.

अक्का डोळे मिटून विचार करीत राहिली. "तीच वाटते," ती म्हणाली, "पण तेव्हा थोडी गोड होती." तेवढ्यात दिनकररावांना आठवले की तेव्हा ती काढ्यावर गूळ खाई.

त्यानंतरचे दिवस मला नीट सांगता येत नाहीत. ताप एके दिवशी आला नाही, की वाटे उतार पडला. दुसऱ्या दिवशी येई, की वाटे आपण सगळे चुकलो. एका रात्री तो एवढा चढला, की ती मला ओळखीना आणि आमच्या वारलेल्या आईशी बोलू लागली. दिनकरराव बाहेरच्या ओसरीवर बसून राहिले. त्यांना आत यायचा धीर होत नव्हता. मी कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत होतो, आणि काळी वाटी, फिकी वाटी, मधली वाटी, एवढेच मला दिसत होते. ही माझी बहीण आहे, आणि मी तिच्यावर प्रयोग करतो आहे की काय, असे मनात आले. सकाळी तिला घाम फुटला.

त्याच सकाळी दारात टांगा थांबला आणि बापूशास्त्री उतरले. आबाशास्त्री आत अक्काची नाडी पाहत होते. बापूशास्त्री उंबऱ्यापाशी उभे राहिले. कोणी कोणाकडे पाहिले नाही.

"यांना विचारा, जेवण झालं आहे का," आबाशास्त्री मला म्हणाले.

"सांगा, नाही म्हणून," बापूशास्त्री मला म्हणाले.

मग त्यांनी माझ्यामार्फत विचारले की रोहण किती घातला. आबाशास्त्र्यांनी माझ्यामार्फत सांगितले, निम्मा. बापूशास्त्र्यांनी माझ्यामार्फत कळवले की निम्मा फार होतो. मी एकदा इकडे आणि एकदा तिकडे तोंड करीत होतो. खाटेवरून बारीक आवाज आला.

"माझ्या भावाला दमवू नका," अक्का म्हणाली. "तो रात्रभर जागा आहे. तुम्हीच बोला."

मग आबाशास्त्री खाटेच्या कडेने थोडे सरकले. "बापू," ते म्हणाले, "ये, तू पाहा नाडी."

बापूशास्त्री आले. त्यांनी आधी भावाच्या पायाला हात लावला आणि मग रोग्याच्या मनगटाला.

ते परत देवासला गेले नाहीत, निदान मी होतो तोवर. आबाशास्त्र्यांकडेच उतरले. काढ्यातले रोहणाचे प्रमाण कमी झाले, पुन्हा थोडे वाढले. चैत्र लागला. अक्काचा ताप तुटला. डाव्या कुशीतली फळी बोटाबोटाने मागे सरली. ती उठून बसू लागली, मग भिंतीला धरून चालू लागली. क्विनीनही चालूच होते. हवाही पालटली होती. दिनकरराव म्हणत की भाऊ आला म्हणून ती सावरली. यांतले खरे कोणते, हे मला ठरवता आले नाही. आबाशास्त्र्यांच्या मते रोहणाने ताप तोडला म्हणून पाणथरीला सवड मिळाली. बापूशास्त्र्यांच्या मते रोहिड्याने पाणथरी वितळवली म्हणून ताप तुटला. रोज सकाळी दोघे अक्काकडे येत, तिथेच वाद सुरू करीत आणि तो पुढे घरी जेवणावर नेत.

मी निघालो त्या दिवशी अक्का माझा हात न धरता दारापर्यंत आली. मागे ओसरीवर दोघा शास्त्र्यांचे आवाज चांगलेच चढले होते.

"पुण्यात काय सांगशील?" तिने विचारले.

"तू बरी आहेस, असं."

"आणि कशानं बरी झाले, असं विचारलं तर?"

मी म्हणालो की त्याचा छडा लावायला मी पुन्हा येईन. मारवाडातून खरी साल मागवीन, तिन्ही साली वेगवेगळ्या तपासून पाहीन, आणि एकदा काय ते पक्के करीन.

तिने मागे वळून ओसरीकडे पाहिले.

"घाई करू नकोस," ती म्हणाली. "ठरत नाही तोवर ते दोघे एका घरात जेवताहेत."

टांगेवाला आतले आवाज ऐकून काळजीत पडला होता. मारामारी तर नाही ना, असे त्याने विचारले. अक्काने हसून त्याला हातानेच निघायची खूण केली.